पाहुण्यांना न दिसलेले बेळगाव

डिसेंबर उजाडला की बेळगावातील लॉज आणि हॉटेलांत खोली मिळेनाशी होते. कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुतेक वर्षी याच सुमारास तेथे भरते आणि त्यानिमित्ताने मंत्री, आमदार, सचिवालयातील अधिकारी, पत्रकार व बंदोबस्ताचे पोलीस असा प्रचंड लवाजमा दहा-बारा दिवसांसाठी शहरात येऊन उतरतो. सकाळी मोटारींची रांग हलगा-बस्तवाडजवळच्या सुवर्ण विधानसौधाकडे जाते आणि संध्याकाळी परतते. मधल्या वेळात शहराने काय पाहिले म्हणाल तर बंद केलेले रस्ते; आणि पाहुण्यांनी काय पाहिले म्हणाल तर महामार्ग. शनिवार-रविवारची सुट्टी आली की अनेकांची पावले चोर्ला घाटाने आमच्या गोव्याकडे वळतात. निरोपाच्या दिवशी कुंद्याचे खोके काखोटीस मारले की त्यांची बेळगावची यात्रा पुरी होते.

पाहुणे गोव्यात आले याचे आम्हांस वाईट वाटण्याचे कारण नाही. परंतु ज्या शहरात आठ शतकांची वास्तुपरंपरा, शंभर वर्षांची अधिवेशनांची परंपरा आणि दोन भाषांचे साहित्य व संगीत नांदते आहे, त्या शहराच्या पाहुण्यास मन रमविण्यासाठी घाट उतरून समुद्र गाठावा लागावा, ही गोष्ट चमत्कारिक आहे. या चमत्काराचे कारण केवळ पर्यटन खात्याची अनास्था असते, तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. कारण अधिक खोल आहे. बेळगाव प्रामाणिकपणे दाखवावयाचे म्हटले की त्याची मराठी बाजूही दाखवावी लागते आणि नेमके तेच यजमानांना अडचणीचे वाटते.

वस्तुतः चार लोकांना बोलावून त्यांचा पाहुणचार करणे ही या शहराची जुनी सवय आहे. एप्रिल १९१६ मध्ये मुंबई इलाख्याची प्रांतिक परिषद बेळगावात भरली व त्याच वेळी लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना तेथे झाली. पुढे २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीत झाले. महात्मा गांधींनी आपल्या उभ्या आयुष्यात अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव काँग्रेस अधिवेशन होय. त्याची धुरा वाहिली ती ‘कर्नाटकसिंह’ गंगाधरराव देशपांडे यांनी. अधिवेशनाच्या नगरास ‘विजयनगर’ असे नाव देण्यात आले. पाण्यासाठी खास विहीर खोदली गेली व तिला पंपा सरोवर म्हटले गेले. ती विहीर आजही आहे आणि तिच्या शेजारून जाणाऱ्या रस्त्यास लोक आजही काँग्रेस रोडच म्हणतात. अवघ्या अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल यांनी त्या मांडवात स्वागतगीत गायिले. ते गीत कन्नड होते. ज्या गंगाधररावांना कर्नाटकसिंह म्हणून गौरविले जाते, त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले ते मात्र मराठीत. ही दोन्ही सत्ये त्या काळी एका मांडवात सुखाने मावली. आज त्यांतील एकच सांगण्याची आणि दुसरे गिळण्याची रीत पडली आहे, व ती दोन्हीकडे पडली आहे, हेही मान्य केले पाहिजे.

त्या अधिवेशनाची शताब्दी डिसेंबर २०२४ मध्ये साजरी झाली. काँग्रेस कार्यसमितीची बैठक २६ डिसेंबरला बेळगावात भरली. त्याच रात्री डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनाची वार्ता आली आणि दुसऱ्या दिवशीची सभा रद्द झाली. पुढे २१ जानेवारी २०२५ रोजी ती घेण्यात आली. शहर दिव्यांनी लखलखले होते. परंतु दिव्यांच्या माळा उतरल्यानंतर एखादा परगावचा विद्यार्थी त्या विहिरीपाशी गेला, तर शंभर वर्षांपूर्वी त्या अंगणात कोण कोण व कोणकोणत्या भाषांत बोलले, हे त्याला कोण सांगणार?

मराठी माणसाच्या दृष्टीने तर या शहराचे ऋण मोठेच आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे १९२९ मध्ये शि. म. परांजपे यांच्या, १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या आणि २००० मध्ये य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली भरले. १९४६ च्या संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ज्या राज्याची मागणी बेळगावच्या मांडवातून उठली, ते राज्य १९६० साली झाले आणि बेळगाव त्याच्या बाहेर राहिले, हा इतिहासाचा क्रूर विनोद होय. २०१५ मध्ये फैयाज यांच्या अध्यक्षतेखाली नाट्य संमेलनही येथे झाले. दुसऱ्या बाजूस मार्च २०११ मधील विश्व कन्नड संमेलनही याच शहराने पाहिले. इतकी संमेलने पचविलेल्या गावाला पाहुण्यांचे वावडे असणे शक्य नाही.

मग पाहुण्यास दाखवावे तरी काय? अर्धा दिवस हाताशी असेल तर किल्ला पुरेसा आहे. रट्ट राजवटीत १२०४ साली बांधली गेलेली कमल बस्ती त्याच्या आत आहे. नेमिनाथाच्या या जैन मंदिरात छतापासून उमललेले दगडी कमळ असे काही लोंबते आहे की, खाली उभे राहणारा माणूस आपोआप आवाज खाली आणतो. थोड्या अंतरावर असदखानाने १५१९ मध्ये बांधलेली साफा मशीद. तिच्या काही खांबांवर जुने कन्नड लेख आहेत. त्याच किल्ल्यात रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले, ते प्रथम भाटे या मराठी वकिलाच्या घरी उतरले आणि नंतर हरिपद मित्र या बंगाली वन अधिकाऱ्याच्या बंगल्यात राहिले. आजचा आश्रम त्या बंगल्याच्या जागी आहे. स्वामीजी येथूनच पुढे गोव्यास गेले व राशोल येथील ख्रिस्ती धर्मपीठात त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ पाहिले, हे आमच्या मडगावकर वाचकांना सांगावयास नको. जैन बस्ती, मशीद आणि संन्याशाची कोठी एकाच तटाच्या आत पायी पायी पाहता यावी, अशी सोय किती शहरांत असेल?

हे सर्व पाहावयास तिकीट फार लागत नाही, मोटार लागत नाही. लागतो तो एक जाणता वाटाड्या आणि वाचता येईल अशी पाटी. पाटीचा प्रश्न आला की मात्र गाडी अडते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा; तो महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. विधिमंडळाचे पहिले अधिवेशन बेळगावात २००६ साली घेतले गेले, ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. एवढा भव्य प्रासाद वर्षातील थोडे दिवस गजबजावा व एरवी शांत राहावा, यावरून तो कशासाठी उभा आहे हे वाचकांनी ताडावे. ती इमारत पाहुण्यांना सावली देण्यापेक्षा दाव्यावर मोहोर उठविण्यासाठी अधिक बांधली गेली, असे आमचे मत आहे. ज्या अधिवेशनाचा हेतूच ‘हे आमचे’ असे बजावणे हा आहे, ते अधिवेशन पाहुण्यास ‘हे तुमचेही आणि त्यांचेही’ असे कोठून दाखविणार?

पण कायद्याकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. कर्नाटकाने २०२४ मध्ये केलेल्या दुरुस्तीप्रमाणे नामफलकावर साठ टक्के जागा कन्नडला द्यावयाची आहे. राज्याची भाषा म्हणून तिचा तो मान आम्ही मुळीच नाकारीत नाही. परंतु शंभरातून साठ गेले की चाळीस उरतात, हे गणित कन्नड शाळेतही असेच शिकवतात. त्या चाळिसात इंग्रजीबरोबर मराठीच्या दोन ओळी बसविल्या, तर किल्ल्याचा तट ढासळणार नाही. वाद पाटीवर थांबत नाही म्हणावे, तर येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे पाहावे. तेथील शिवरायांच्या एकाच पुतळ्याचे मार्च २०२३ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोनदा अनावरण झाले; एकदा सत्ताधाऱ्यांकडून, एकदा विरोधकांकडून. निवडणूक तोंडावर आली की गडावर चढण्याची शक्ती सर्वांनाच येते! त्याच येळ्ळूर गावातील ‘महाराष्ट्र राज्य’ असा मजकूर असलेला फलक जुलै २०१४ मध्ये पोलीस बंदोबस्तात पाडण्यात आला होता. महाराज चालतात, महाराजांची भाषा फलकावर चालत नाही.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळावा भरविते, त्याला परवानगी नाकारली जाते, नेत्यांची धरपकड होते आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. लोकशाहीत निषेधाचा हा हक्क अबाधित असला पाहिजे, आणि तो नाकारणाऱ्या शासनाची बाजू आम्हांस कधीच पटलेली नाही. परंतु पहिला दिवस निषेधाचा झाल्यावर उरलेले नऊ दिवस मराठी बेळगाव काय करते? बिदर, मंगळूर वा चामराजनगरहून आलेल्या एखाद्या तरुण आमदाराने मराठी माणूस पाहिलेला असतो तो केवळ पोलिसांच्या गाडीत चढताना. त्याला कोणी आपल्या वाचनालयात नेले आहे काय? बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झालेले आहे. त्याच्या जिन्यावरून एकदा वर गेलेला माणूस, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, ‘येथे मराठी कालपरवा आली’ हे वाक्य पुन्हा उच्चारताना अडखळेल.

पाहुण्यांस दाखविण्याजोगी सर्वांत अस्सल गोष्ट मात्र शहरात नाहीच; ती आजूबाजूच्या खेड्यांत आहे. डिसेंबर ते मार्च या दिवसांत कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी, आणि निपाणीकडे कारदगा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. महाराष्ट्रात मोठ्या संमेलनासाठी शासनाच्या अनुदानाकडे डोळे लागलेले असतात. येथे गावकरी वर्गणी काढतात. रविवारी सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढे टाळ-मृदंग आणि लेझीम, दारोदारी सडा-रांगोळी आणि सुवासिनींच्या हाती आरतीचे ताट. एखाद्या देवाच्या उत्सवात व्हावे तसे पुस्तकाचे औक्षण होते. मग दिवसभर उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन व शेवटी कविसंमेलन. आणि मध्यंतरी सगळ्या गावाची एका पंगतीत जेवणे. ऊस व भात पिकविणारे शेतकरी पथारीवर बसून मराठी कादंबरीवरील व्याख्यान ऐकत आहेत, हे दृश्य मुंबई-पुण्याच्या मंडळींनी एकदा पाहावेच. पुण्यातील वातानुकूलित सभागृहातून अशा श्रोत्यांसमोर आलेल्या वक्त्याची भाषा पहिल्या दहा मिनिटांतच सुधारते!

अशा संमेलनांनाही विघ्ने येतात. जानेवारी २०२० मध्ये खानापूर तालुक्यातील इदलहोंड व बेळगावजवळच्या कुद्रेमानी येथील संमेलनांना पोलिसांकडून आडकाठी झाली. कोणी सीमाप्रश्नावर बोलेल ही धास्ती. बोलले तरी काय होणार होते? ज्या गावाने पुस्तकाची पालखी खांद्यावर घेतली आहे, ते गाव दगड हाती घ्यावयास मोकळे राहत नाही. आमची तर सूचना अशी की, शासनाने बंदोबस्ताऐवजी पाहुणे पाठवावेत. अधिवेशनाच्या मधल्या रविवारी दहा आमदारांना एखाद्या ग्रंथदिंडीत नेऊन बसवावे आणि गावकऱ्यांनीही त्या मांडवात कन्नड कवीला मानाने एक खुर्ची द्यावी. तसे करण्यात कोणाचाही दावा बुडत नाही. दावा न्यायालयात आहे आणि तेथे रांगोळीचा पुरावा चालत नाही.

दोन भाषांच्या या सरमिसळीने कलेस किती दिले, याचा हिशेबही पाहुण्यास ऐकविण्यासारखा आहे. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला. कुमार गंधर्व जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीला, ८ एप्रिल १९२४ रोजी. म्हणजे गांधीजींचे अधिवेशन भरले तेव्हा ते आठ महिन्यांचे होते. घरची भाषा कन्नड, कीर्ती मराठी मुलुखात आणि वास्तव्य माळव्यात. इंदिरा संत यांनी आपली बहुतेक कविता बेळगावात राहून लिहिली. पु. ल. देशपांडे येथे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते आणि त्यांचे ‘रावसाहेब’ हे बेळगावी मातीशिवाय घडलेच नसते. कानडी हेलाची ती मराठी हसता हसता डोळ्यांत पाणी आणते. यांपैकी किती जणांच्या नावाची एखादी फेरी, एखादे छोटे दालन पाहुण्यास दाखविता येईल असे शहराने केले आहे?

पुण्याकडून येणारे प्रतिनिधी निपाणी तर मान न वळविताच मागे टाकतात. तंबाखूची ही पेठ दिसावयास देखणी नाही, हे खरे. परंतु एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्यातील बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद या गावी भरली होती. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी याच महामार्गावर तीन आठवडे ठिय्या दिला व ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. ज्या डांबरावरून पाहुण्यांच्या मोटारी आज सुसाट जातात, त्या डांबराचाच हा इतिहास आहे. येथेच पिठाची गिरणी चालवीत महादेव मोरे यांनी ड्रायव्हर, मेकॅनिक आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांच्या कथा लिहिल्या. २०२४ मध्ये ते गेले. गावाला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. विद्यार्थी रोज सकाळी राज्य ओलांडून तासाला बसतात आणि दुपारी भूक लागली की परराज्यात जेवावयास येतात. सीमाप्रश्न म्हणजे काय हे एखाद्या दिल्लीकरास समजावून सांगावयाचे असेल, तर त्याला नकाशा दाखवू नये. सकाळी दहा वाजता त्या महाविद्यालयाच्या फाटकापाशी उभे करावे.

गोव्यात बसून बेळगावास शहाणपण शिकविणे आम्हांस शोभत नाही, याची जाणीव आहे. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आहे आणि आमच्याही पाहुण्यांना मांडवीतील कॅसिनोंचे दिवे आधी दिसतात, फोंडा तालुक्यातील देवळांच्या मंडपात रात्र जागविणारे नाटक दिसत नाही. शिवाय बेळगावशी आमचे नाते पाहुण्याचे नव्हेच. गोवा मुक्तीच्या लढ्यातील कितीएकांना या शहराने आसरा दिला, १९६१ च्या डिसेंबरात सैन्य येथूनच निघाले आणि आजही आमच्या बाजारातील भाजी पहाटे तेथूनच घाट उतरते. म्हादईच्या पाण्यावरून आमचा त्या राज्याशी तंटा आहे. तो चालू राहील. त्यासाठी घाटाची वाट बंद ठेवण्याचे कारण नाही.

ज्या गोमंतकीयांनी तांबडी सुर्लाचे महादेव मंदिर पाहिले आहे, त्यांनी खानापूर तालुक्यातील हलशी अवश्य पाहावे. कदंबांची ही प्राचीन पलाशिका. येथील भूवराह नरसिंहाचे मंदिर बाराव्या शतकात गोव्याच्या कदंब घराण्यातील शिवचित्त परमर्दी याच्या काळात उभे राहिले आणि त्याची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळच्या देगावी कमलनारायणाचे मंदिर बांधविले. म्हणजे आमच्याच राजाराणीने घाटावर बांधलेली ही देवळे. समोरासमोरच्या दोन गाभाऱ्यांत एकीकडे वराह आणि दुसरीकडे नरसिंह असा योग फारच थोड्या ठिकाणी असेल. अधिवेशनाच्या दिवसांतही तेथे शुकशुकाट असतो. पुजारी भेटला तर मराठीत बोलतो, कानडी पाहुणा आला तर कानडीत.

चोर्ल्याच्या वाटेने गेल्यास कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम लागतो, घटकाभर थांबावे. बेळगावात पोहोचल्यावर कुंदा तर कोणीही देईल, पण मांडे मागावेत. रुमालासारखी हातावर पसरत नेलेली कणकेची पातळ पोळी तापलेल्या उपड्या खापरावर भाजावयाची आणि साखर-तुपाचे सारण घालून गरम असतानाच घडी घालावयाची, ही कला आता मोजक्याच घरांत उरली आहे. लग्नसराईत आधी सांगून ठेवावे लागते. अधिवेशनाच्या भोजनगृहात ते मिळाल्याचे अद्याप आमच्या ऐकिवात नाही. आमदारांनी तूर्त मनातले मांडे खावेत. जानेवारीत कडोलीचे संमेलन असते. पणजीहून पहाटे निघालेला माणूस दिंडी गावात फिरत आहे तोवर सहज पोहोचतो.